परत पाठवलेली वांगी

आमच्या आरोग्यमंदिरात मीठ नव्हतं. तेल नव्हतं, मिरची नव्हती, आणि तिसऱ्या वर्षी तर आजारी माणूसही उरला नव्हता. धुळ्याकडचा एक अभिमन तेवढा होता. त्याचं पोट दोन वर्षांपूर्वीच बरं झालं होतं, पण घरी जायचं तो नाव काढत नसे. "मी आठेज बरा शे, अक्का," म्हणायचा आणि विहिरीचं पाणी ओढून टब भरायला लागायचा. त्याला रुग्ण म्हणावं की गडी, हे मास्तरांनाही ठरवता आलेलं नव्हतं.

मास्तर म्हणजे आमचे हे. जळगावला शाळेत शिकवायचे. सात वर्षं पोटशुळानं गडबडा लोळले. वैद्य झाले, डॉक्टर झाले, नवस झाले. शेवटी भुसावळच्या एका रेल्वे गार्डानं त्यांना रोज सकाळी थंड पाण्याच्या टबात कमरेपर्यंत बसायला आणि बिनमिठाचं जेवायला शिकवलं. सहा महिन्यांत पोटशूळ गेला. माझ्या मागची पीडा मात्र तिथूनच सुरू झाली. बरा झालेला माणूस स्वस्थ बसत नाही. यांनी नोकरी सोडली आणि साऱ्या जिल्ह्याला बरं करायचं मनावर घेतलं.

असोद्याच्या पितांबर आबांनी गावाबाहेरचा अर्धा एकर वापरायला दिला. त्यावर तीन झोपड्या, पत्र्याचे दोन टब, वाफारा घ्यायची एक लाकडी पेटी आणि मातीचे लेप भिजवायला चार मडकी. एवढ्या थाटाला यांनी 'आरोग्यमंदिर' अशी पाटी लावली. पैसा पुरवायचे जळगावचे रुपचंदशेठ. त्यांची कापसाची सरकी काढायची जीन होती आणि पाठ वर्षानुवर्षं दुखायची. मास्तरांनी मातीच्या लेपांनी ती बरी केली, म्हणून शेठ दर महिन्याला खर्चाचे रुपये धाडायचे. आमचा खर्च तरी काय? मीठसुद्धा लागत नव्हतं.

पहिली दोन वर्षं गाव आमच्याकडे लोटलं. पुरुषांचं मास्तर पाहायचे, बायकांचं मी. मला कोणी शिकवलं नाही, पाहून पाहून शिकले. ओटीपोटावर मातीची पट्टी कशी ठेवायची, वाफारा किती वेळ द्यायचा, कोणाला उपास झेपेल, कोणाला नाही. बायका वैद्यापुढे तोंड उघडत नसत. माझ्यापुढे चुलीशी बसून सगळं सांगायच्या. तेरा-तेरा वर्षं अंगावर काढलेली दुखणी, दोन घोट पाण्याबरोबर गिळलेली. मला मूलबाळ नाही. माहेरी मी 'बिचारी' होते, सासरी 'मास्तरांची बायको'. असोद्यात मात्र मी 'अक्का' झाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या बायकाही मला अक्का म्हणायच्या. ते ऐकायला मला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

मग मास्तरांनी धुरपदाबाईची वांगी परत केली आणि सगळं बिघडलं.

धुरपदाबाई म्हणजे गावातली भारदस्त बाई. नवरा लवकर गेला. दहा एकर जमीन तिनं एकटीनं राखली. केळीची बाग, कापूस, ज्वारी. बैल बसला तर बैलाला शिव्या देईल, पाऊस उशिरा आला तर पावसाला देईल. तिचे गुडघे धरले होते. महिनाभर मी तिला लेप घातले, वाफारा दिला, आणि दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुमाराला ती काठी टाकून चालायला लागली. त्याच आठवड्यात तिच्या वाफ्यातली पहिली वांगी उतरली. हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक तान्ह्या पोराच्या डोक्याएवढं. टोपली डोक्यावर घेऊन ती स्वतः आली आणि ओट्यावर ठेवून म्हणाली, "मास्तर, पयली तोड हाये. अजून घरातही चाखली नही."

मास्तरांनी हात जोडले. चेहऱ्यावर ते हसू, जे शाळेत पोरगा चुकीचं उत्तर देतो तेव्हा यायचं. म्हणाले, "बाई, माती तुमच्याच गावची, पाणी विहिरीचं, ऊन देवाचं. मी मध्ये कसली दलाली खाऊ? इथं कोणाकडून काही घ्यायचं नाही हा आमचा नियम आहे. ही घेऊन जा, मुलाबाळांना खाऊ घाला."

मी चुलीपाशी होते. मला दिसत होतं की बाईच्या मानेची शीर ताठ झाली. तिनं टोपली उचलली, डोक्यावर ठेवली आणि भर बाजारातून परत नेली. ज्याला त्याला दिसलं. पहिल्या तोडीची वांगी देवळातून परत आली नसती, ती आमच्या दारातून परत गेली.

मी त्या दिवशी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही तिचा अपमान केलात." ते म्हणाले, "मी तिचा खर्च वाचवला." पुढं बोलून उपयोग नव्हता. त्यानंतर बाजाराच्या वाटेवर राहणारी बेबाबाई लोणच्याच्या फोडी घेऊन आली, त्या परत. कोणी तेल आणलं, ते परत. कोणी उडदाचे पापड आणले, त्यावर तर मास्तरांनी अर्धा तास प्रवचन दिलं. हळूहळू लोक यायचे थांबले. मास्तर म्हणायचे, गाव निरोगी झालं. गाव कुठलं निरोगी होतंय? गाव घरी बसून कण्हत होतं.

अशातच पुढच्या वर्षीच्या कार्तिकात रुपचंदशेठ गेले. पाठीनं नाही, झोपेत गेले, शांतपणे. दिवस झाल्यावर त्यांचा मुलगा मगनशेठ टांग्यानं आमच्याकडे आला. मुलगा वाईट नव्हता. चहा मागता मागता इथं चहा नाही हे त्याला आठवलं आणि त्यानं पाणी मागितलं.

"मास्तर," तो म्हणाला, "वडिलांसारखं दरमहा धाडणं मला जमायचं नाही. भाऊ वाटण्या मागताहेत. पण एक सुचवतो. बाजारात कापसाच्या गाडीमागं धर्मादा काढून ठेवतात, तुम्हाला ठाऊक आहे. म्हाताऱ्या गुरांच्या पांजरपोळाला जातो, धर्मशाळेला जातो. मी धर्माद्याच्या पंचांपाशी शब्द टाकलाय. ते एकदा येऊन पाहतील. रोगी दिसले, संस्था चालतेय असं दिसलं, तर वर्षाची सोय होईल. दहा माणसं तरी दिसू द्या म्हणजे झालं."

मास्तरांनी मान डोलावली. मगनशेठ गेल्यावर ते अभिमनकडे पाहत राहिले. दहातला एक होता.

त्याच सुमाराला माझ्या भावाचं पत्र आलं. त्याचं भुसावळला धान्याचं दुकान होतं. 'चि. सौ. सुनंदास आशीर्वाद. शेठ वारल्याचे कळले. आता तेथे राहण्यात काय अर्थ? मास्तरांना दुकानी वह्या लिहायला बसवतो. मागची खोली रिकामी आहे. संक्रांतीनंतर गाडी पाठवितो.' पत्र वाचून मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पक्की खोली, डाळीला फोडणी, तोंडी लावायला ठेचा. मी पत्र तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि मला इतकं वाईट वाटलं की मी अंगणातल्या रिकाम्या टबाच्या काठावर जाऊन बसले. भुसावळला मी पुन्हा कोणाची तरी बिचारी बहीण होणार होते. तिथं कोणाला माझ्या हातची माती नको होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तर पाटीचा रंग उजळत बसले होते, तेव्हा मी उठले आणि धुरपदाबाईच्या मळ्यात गेले.

ती बांधावर बसली होती, एक पाय लांब करून. शेजारी काठी. मला पाहून तिनं काठी मागं सरकवली, पण मी पाहिलीच.

"गुडघा परत धरला?" मी विचारलं.

"नही. काठी कुत्र्यासाठी हाये."

"मग आलात का नाही?"

"कशी येऊ?" ती म्हणाली. "माही वांगी परत धाडली अन् मी तुह्या दारी फुकट माती लावाले येऊ? फुकटचं खानारं कुत्रं आसते, अक्का. मी दहा एकराची मालकीन हाये."

मी म्हटलं, "ते वाईट मनानं करत नाहीत."

"ते मले ठावं हाये. मनाचा चांगलाच हाये तो. पन सुतार माह्या वखराले लाकूड लावते, मी त्याले खळ्यावर जवारी देते. तो दान घेत नही, अन् मी उपकार करत नही. न्हावी येते, कुंभार येते, त्यायचं बी तसंच. तुहा मास्तर म्हनते, मी काहीच घेत नही. मंग आम्ही बठ्ठे त्याच्या उपकाराखाली मरावं काय? त्याच्याहून दुखलेला गुडघा बरा."

तिचं खरं होतं. मी तिला सगळं सांगितलं. शेठ गेले, पंच येणार, दहा आजारी माणसं दिसली नाहीत तर संक्रांतीनंतर भावाची गाडी येणार. ती ऐकून घेत होती. मग तिनं गड्याला हाक मारली, कापसाच्या काड्या पेटवायला लावल्या, त्यात चार वांगी टाकली. जळकी सालं काढून, हिरव्या मिरच्यांबरोबर लाकडी बडगीत कुटून तिनं भरीत केलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीवर घालून माझ्यापुढे ठेवलं. तीन वर्षांत माझ्या जिभेला मीठ लागलं नव्हतं. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मिरची लागली," मी म्हटलं.

"लागते," ती म्हणाली आणि तिकडं तोंड फिरवून बसली, मला पोटभर रडता यावं म्हणून.

निघताना ती म्हणाली, "तुह्या पंचायच्या दिवशी मी मानसं आनते. दहा कायले, पन्नास आनते. पन आधी ही वांगी घेऊन जाय. डोक्यावर घेऊन जाय, बाजारातून जाय."

मी गेले. टोपली डोक्यावर, पदर खोचलेला, भर दुपारी, जिथून ती परत नेली होती त्याच वाटेनं. बेबाबाई ओट्यावरून बघत होती. न्हावी वस्तरा हातात धरून बघत होता. मी मुद्दाम हळू चालले.

घरी येऊन मी काड्या पेटवल्या. आरोग्यमंदिराच्या आवारात पहिल्यांदाच भाजल्या वांग्याचा वास सुटला. अभिमन टब घासायचं सोडून चुलीशी येऊन बसला. मागून मास्तर आले, हाताला पाटीचा रंग.

"हे काय?"

"वांगी आहेत. धुरपदाबाईची."

"तुला नियम ठाऊक आहे."

"आहे. आता मला एक सांगा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "शेठची पाठ बरी केलीत, त्यांचे रुपये घेतलेत. धुरपदाबाईचा गुडघा बरा केला, तिची वांगी परत. का?"

"शेठ संस्थेला देत होते. मला नाही."

"आणि वांगी काय तुमच्या टोपीला देत होती ती? रुपया संस्थेला चालतो आणि वांगं चालत नाही. सरळ सांगा ना, शेठपुढे वाकायला लाज वाटत नाही, बाईपुढे वाटते."

हे मी बोलायला नको होतं. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. ते तडक निघून गेले, धोतर वर खोचलं आणि मार्गशीर्षाच्या थंडीत टबात जाऊन बसले. राग आला की ते पाण्यात बसायचे. तासभर बसून राहिले. अभिमननं आणि मी भरीत खाल्लं. तो म्हणाला, "अक्का, माले दोन वरीसथीन हाईच जोयजे व्हतं." दोन वर्षं हेच हवं होतं म्हणे! मी त्याला गप्प बस म्हटलं, पण त्याच्या पानात आणखी वाढलं.

पंच आले ते आठ दिवसांनी. मगनशेठ आणि बरोबर दोन वयस्क व्यापारी, एक जाड, एक किडकिडीत. मास्तरांनी आवार झाडून घेतलं होतं, टब उन्हात चकचकत होते. आणि धुरपदाबाईनं शब्द पाळला होता. पन्नास नव्हे, साठ-सत्तर माणसं आली होती. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. मास्तरांचा ऊर भरून आला होता. माझाही आला होता.

मग मी नीट पाहिलं. धुरपदाबाईनं जरीचं लुगडं नेसलं होतं. बेबाबाईच्या नाकात नथ. म्हाताऱ्यांचे फेटे परीटघडीचे. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर टोपली. भरीत, भाकरी, तेलाची वाटी, ठेचा, पापड. परगावचे पाहुणे गावात येणार म्हटल्यावर त्यांना कोरडं कसं पाठवायचं?

जाड पंचानं पितांबर आबांपासून सुरुवात केली. आबांना दमा. दोन पावसाळ्यांमागं मास्तरांनी त्यांना पंधरा दिवस वाफारा दिला होता.

"आजोबा, तुम्हाला काय होतंय?"

"मले?" आबांनी छाती पुढं काढली. "मले काय होते? देवाच्या दयेनं ठनठनीत हाये."

"तुम्हाला बाई?"

"काहीच नही," धुरपदाबाई म्हणाली, आणि हे दाखवायला ती बिनकाठीची चार पावलं चालली. चौथ्या पावलाला तिनं ओठ चावलेला मी पाहिला.

बेबाबाईला काही नव्हतं. तिच्या जावेला काही नव्हतं. सत्तर माणसांत एकाचंही डोकंसुद्धा दुखत नव्हतं. मी मागून डोळ्यांनी खुणा करत होते, त्या बायका मला हसून दाखवत होत्या, काळजी करू नको म्हणून. शेवटी किडकिडीत पंचानं अभिमनला गाठलं. निदान हा तरी आश्रमात राहणारा.

"मी?" अभिमन म्हणाला. "मी बठ्ठा बरा शे. माले काहीच नही व्हयेल."

मग पंगत बसली. पंच दोनदा भरीत मागून जेवले. जाड पंचाचं नाक वाहत होतं आणि तो आणखी ठेचा मागत होता. हात धुवून झाल्यावर मगनशेठ मास्तरांना बाजूला घेऊन गेला. तो बिचारा ओशाळला होता.

"मास्तर, पंच म्हणतात गाव फार चांगलं, जेवण फार चांगलं. पण आजारी माणूस इथं कोणीच नाही. धर्मादा पांजरपोळाला दिला तर निदान एखादी लंगडी गाय तरी दाखवता येते."

टांगा गेला. मास्तर टबाकडे गेले. मी ओट्यावर बसले आणि रडले, आणि या वेळी मिरचीचं नाव सांगायलाही भरीत उरलेलं नव्हतं.

धुरपदाबाई रिकामी टोपली घेऊन उभी होती. "का वं अक्का? झ्याक झालं की."

"त्यांना आजारी माणसं पाहायची होती! मी तुम्हाला सांगितलं होतं, दहा आजारी माणसं!"

"मानसं तं आनली मी." तिला खरंच कळत नव्हतं. "आता परक्या गावच्या मानसाच्या तोंडावर दुखनं कसं सांगावं? तुले सांगतो ते निराळं. परक्याले सांगितलेलं दुखनं घरात ठान मांडते. अन् गावाचं नाव काय राह्यते? असोद्याचे लोकं रोगी म्हनून?" मग ती एकदम थांबली. टोपली खाली ठेवली. "म्हंजे आम्ही गावाचं नाक राखलं अन् तुहं घर मोडलं व्हय?"

ती तशीच लंगडत, जरीच्या लुगड्यात, आबांच्या घराकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पितांबर आबा आले. दम लागला होता, तरी बसायच्या आधी बोलायला लागले. "मास्तर, झालं ते झालं. शेठायच्या दारी जाऊ नका आता. गावात सुतार हाये, लोहार हाये, न्हावी, कुंभार, परीट हाये. त्यायले कोन पोसते? खळ्यावर या. पाच दिवसांनी धुरपदाची रास होते, मंग माही, मंग बाकीच्यायची. सुतारासारखं सूप घ्या अन् आमचे गुडघे पाहा. पन सोता या. अक्काले धाडू नका."

मास्तर म्हणाले, "विचार करतो."

पाच दिवस ते विचार करत होते. मी ट्रंक भरत होते. दोन लुगडी, त्यांच्या धोतरजोड्या, देव. मडकी तशीच ठेवली, मातीची मडकी भुसावळला कशाला न्यायची? एकदा ते म्हणाले, "मी मोबदला घेणार नाही असं ठरवून नोकरी सोडली होती." मी म्हटलं, "बरं." एकदा म्हणाले, "सुतार रंधा मारतो. मी काय करतो? पाण्यात बसायला सांगतो." मी म्हटलं, "बरं." माझं भांडण टबाच्या दिवशीच संपलं होतं. आता त्यांचं त्यांना ठरवायचं होतं आणि मला त्यांची दया येत होती. सात वर्षं लोळलेल्या माणसाला एक मोठेपण मिळालं होतं, कोणाकडून काही न घेण्याचं. ते सोडायचं म्हणजे सोपं नाही.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी धुरपदाबाईची रास झाली. बैलांची पात सुटली होती, उफणणी होऊन ज्वारीचा पांढरा ढीग खळ्याच्या मधोमध पडला होता. मी लांब, बाभळीखाली उभी राहिले. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट रांगेनं बसले होते, प्रत्येकापुढे आपापलं फडकं. मास्तर आले. टोपी, कोट, खांद्यावर धुतलेलं उपरणं. येऊन नुसते उभे राहिले. कोणी 'या' म्हणालं नाही की 'जा' म्हणालं नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बाभळीच्या शेंगा पाहायला लागले.

न्हावी म्हणाला, "मास्तर, बसा. पन तिथं नही, शेवटी. तुमी नवे हाये."

आणि मास्तर रांगेच्या शेवटी, परटाच्या पलीकडे जाऊन खाली बसले. मातीत, कोटासकट. खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी पुढं पसरलं. त्याचं एक टोक वाऱ्यानं उडत होतं, ते त्यांनी गुडघ्याखाली धरलं.

धुरपदाबाई एकेकाला सुपानं घालत आली. शेवटी यांच्यापुढे थांबली. सूप भरलं आणि ओतलं. ज्वारी उपरण्यावर पसरली. दुसऱ्यांदा भरलं.

"पुरे, बाई," मास्तर म्हणाले.

"पुरे म्हननारा तू कोन?" ती म्हणाली. मास्तरांना तिनं त्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हटलं. "बलुतेदार कधी पुरे म्हनते काय? सूप माहं, हात माहा. गुपचूप बस." तिनं दुसरं सूप ओतलं आणि वर तिसरं. मास्तरांनी मान खाली घातली होती. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मला बाभळीखालूनही दिसलं. ते ज्वारीत पडू नये म्हणून त्यांनी बाहीनं पुसलं.

मग आबांचं खळं झालं, बेबाबाईच्या सासऱ्यांचं झालं, आणि अभिमन पाठीवर पोती वाहत राहिला. कापूसवाल्यांनी वेचणीतून ओंजळ-ओंजळ कापूस दिला, तो विकून रॉकेलची सोय झाली. लोहारानं न विचारता गळका टब नेला आणि डाग देऊन परत आणला. मी भावाला पत्र लिहिलं, गाडी पाठवू नकोस, इथली ज्वारी ठेवायला कणगी लागणार आहे, ती मिळाली तर पाठव.

संक्रांतीनंतर आठ दिवसांनी सकाळी, मी तोंडसुद्धा धुतलेलं नव्हतं, तर दारावर काठी वाजली. धुरपदाबाई होती. मागं बेबाबाई, तिची जाऊ आणि आणखी पाच-सहा बायका.

"अक्का, ऊठ. माती भिजोली का नही? रातभर गुडघा ठनकते," ती ओट्याशी उभी राहून म्हणाली. "अन् काल आबाचा वाफारा थंडा व्हता म्हने. असं चालायचं नही. खळ्यावर तीन सुपं घातली म्या."

इतकं बोलून घेतलेलं मला आयुष्यात कधी एवढं गोड लागलं नाही. मी मडक्यात हात घातला. माती बर्फासारखी गार होती.

तिच्या डोक्यावर टोपली होती. मास्तर टबाकडून आले आणि त्यांनी ती स्वतः, दोन्ही हातांनी, उतरवून घेतली. वांगी. ओट्यावर बसून ते एकेक वांगं उचलून उलटंपालटं करून पाहायला लागले. माझा हात मडक्यातच राहिला. बायकांनीही माना वळवल्या.

मास्तरांनी एक वांगं बाजूला काढलं आणि धुरपदाबाईपुढे धरलं.

"हे किडकं आहे. बदलून आणा."

धुरपदाबाईनं ते हातात घेतलं, भोक पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता तिनं गुडघा दाबून धरला. "उद्या आनते," ती म्हणाली, आणि पाय लांब करून माझ्यापुढे बसली.